टेन्शन घेऊ नकोस म्हणे!

माइक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, समुपदेशन करते, आणि मला स्वतःला चौदाव्या वर्षापासून फिट येतात, म्हणजे अपस्मार आहे. शेवटची येऊन साडेतीन वर्षं झाली, दृष्ट नको लागायला.

फिट आली तर काय करायचं हे मागच्या खेपेला झालंय त्यामुळे ते भरभर, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात चमचा नाही, हातात किल्ल्या नाहीत, कांदा नाही चप्पल नाही, पाच मिनिटांच्या वर चालली की सरळ दवाखाना. संपलं. आज मला बोलायचंय ते दोन फिटांच्या मधल्या काळाबद्दल. म्हणजे बघा, महिन्याला एक फिट येणारा माणूस धरा, फिट दोन मिनिटांची, मग तास-दोन तास ग्लानी, फार तर तो एक दिवस गेला. उरलेले एकोणतीस दिवस काय करत असतो तो? वाट बघत असतो. आणि घरचे त्याच्याकडे बघत असतात.

आमच्या घरी बाथरूमची कडी लावायची नाही असा नियम. नियम बरोबरच आहे, मी पण येणाऱ्यांना तेच सांगते, बादलीने आंघोळ करा, दार नुसतं लोटा. पण आई बाहेरून दर दोन मिनिटांनी "झालं का गं?" आणि मी डोळ्यात साबण गेलेला असताना "होऽऽ". ओ दिली नाही तर ती आत. कॉलेजला असताना एकदा मी मुद्दाम ओ दिली नाही, रागाने, म्हटलं किती वेळा विचारणार. ती आत आली तेव्हा तिचे हात इतके थरथरत होते की मीच तिला पाटावर बसवलं. तोवर मला वाटायचं आजार माझा आहे. मग तोडगा असा निघाला की मी आंघोळ करताना मोठ्याने गायचं, गाणं थांबलं तर आईने यायचं. माझा आवाज भसाडा, शेजारच्या काकूंनी दोन वर्षं सहन केलं बिचाऱ्यांनी. पण आईचं हाका मारणं थांबलं आणि माझी चिडचिडही.

आता लपवण्याचं बघू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त टेन्शन तिथे असतं. एक मुलगी यायची माझ्याकडे, तपशील बदलून सांगतेय. लग्न झालेलं, सासरी फिटचं सांगितलेलं नाही. गोळ्यांचं पाकीट कुणी वाचेल म्हणून ती गोळ्या सोलून कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवायची. गोळी होती सोडियम व्हॅलप्रोएट, ती हवेतली ओल ओढून घेते, पावसाळ्यात डबीत पार पिचपिचीत. रात्रीची गोळी सगळे झोपल्यावर घ्यायची म्हणजे साडेअकरा, पाहुणे असले की राहिलीच. सकाळी साडेपाचला उठून डबे. डॉक्टरांकडे जायची सोय नाही म्हणून जुनीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणायची, आणि ही गोळी मूल होऊ शकणाऱ्या बाईला शक्यतो देत नाहीत, पोटातल्या बाळाला धोका असतो, पण लग्न झालंय हे डॉक्टरांना माहीतच नाही! (म्हणून इथल्या कुणी घरी जाऊन गोळी बंद करू नका हां, एकदम बंद केली तर फिटांची रांग लागते, आधी डॉक्टरांशी बोला.)

तर तिला फिट आली, भर गौरीच्या जेवणात. आणि नातेवाईक काय म्हणाले? टेन्शन घेते फार.

खोटं नाही ते. पण टेन्शन कुठल्या वाटेने आलं ते बघा ना. गोळी चुकली आणि झोप मोडली, फिट यायची सगळ्यात सरळ कारणं हीच. "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य मला आयुष्यात इतक्या लोकांनी ऐकवलंय, एकानेही पुढे विचारलं नाही की रात्री झोपतेस किती वाजता, गोळी घेताना कुणापासून लपतेस का.

मग नुसत्या टेन्शनने फिट येते का? आपल्या फिट येणाऱ्या लोकांना कारण विचारलं की बहुतेक जण पहिलं हेच सांगतात. १९९५ साली नेदरलँड्समध्ये पुराच्या भीतीने अडीच लाख लोकांना घरं सोडायला लावली, त्यातल्या अपस्माराच्या लोकांकडे नंतर चौकशी केली तर घरीच राहिलेल्यांपेक्षा त्यांच्यातल्या जास्त जणांच्या फिट वाढलेल्या निघाल्या. म्हणजे संबंध आहे. पण अशा वेळी जागरण पण होतंच की. आपला २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आठवा, घर पाण्यात म्हटल्यावर गोळ्यांचा डबा कुणाच्या लक्षात राहणार.

अजून एक गंमत आहे, काही जणांना फिटच्या आदल्या दिवशी उगाच चिडचिड होते, रडू येतं, घरात भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी फिट. सगळे म्हणतात भांडणामुळे आली. उलटं पण असू शकतं, मेंदूत आधीच काहीतरी शिजत होतं म्हणून भांडण झालं. हे कळल्यापासून आमच्या घरातली निम्मी भांडणं मिटली, निम्मी अर्थात माझ्या स्वभावाची आहेत.

मन शांत करायचे व्यायाम करा, जरूर करा, फक्त अपेक्षा बेताची ठेवा. अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, एका गटाला स्नायू सैल सोडायचा व्यायाम, दुसऱ्याला नुसतंच लक्ष एकवटायचं काम. फिट दोन्ही गटांच्या कमी झाल्या, साधारण पाव हिश्श्याने किंवा थोड्या जास्त. दोन्ही गट रोज डायरी लिहीत होते. म्हणून मी सांगते डायरी लिहा. झोप, गोळी, मूड, पाळी, फिट, एवढंच. साधी वही चालते, ॲपच पाहिजे असं नाही.

आणि उदासपणा वेगळा. अपस्मार असलेल्या चार-पाच जणांत एकाला डिप्रेशन असतं, आणि ते फक्त "लोक काय म्हणतील" याचं नसतं, मेंदूच्या ज्या भागात बऱ्याच जणांची फिट सुरू होते, कानाच्या आतल्या बाजूचा भाग म्हणू या, तिथेच आठवण आणि भीती यांचंही काम चालतं. शिवाय फिटच्या काही गोळ्यांनी मूड बिघडतो, लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्यांपैकी काहींना भयंकर राग येतो, ताट भिरकावलेलं मी ऐकलंय. तो माणूस वाईट झालेला नसतो. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

काय म्हणालात ताई? लग्नाआधी सांगायचं का?

सांगायचं. पण कायद्याला घाबरून नाही. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार लिहिलेला होता, लग्न रद्द करायला तेवढं कारण पुरायचं, १९९९ ला तो शब्द काढला. माझं लग्न त्यानंतरचं. आमचं ठरत होतं तेव्हा साताऱ्याच्या चार भिंती टेकडीवर फिरायला गेलो होतो, खाली सगळं सातारा दिसत होतं आणि माझ्या पोटात गोळा. मी एका दमात सांगून टाकलं. हे बराच वेळ गप्प. मला वाटलं संपलं. मग विचारलं, "फिट आली तर मी काय करायचं?"

आता मला तरी तेव्हा कुठे धड माहीत होतं, मी म्हटलं, कांदा हुंगवतात. लग्नानंतर चार वर्षं यांच्या ऑफिसच्या बॅगेत कांदा असायचा, एकदा तर कोंब फुटलेला.