बाईला तंबाखूचं कुणी विचारतच नाही

आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय ‘धूम्रपान आणि रजोनिवृत्ती’, म्हणजे पाळी कायमची जाणं. तो वाचून तुमच्यातल्या बऱ्याचजणी निर्धास्त झाल्या असतील. आपण कुठं ओढतो? बरोबर आहे. 2016-17च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशात धूम्रपान करणाऱ्या बायका अवघ्या 2 टक्के निघाल्या. पण त्याच पाहणीत तंबाखू चघळणाऱ्या, दाढेत धरणाऱ्या, दातांना लावणाऱ्या बायका 12.8 टक्के होत्या. आठ बायकांमागं एक. इथं मिश्रीची डबी पर्समध्ये घेऊन कोण कोण बसलंय, हात वर करा, असं मी म्हणणार नाही. शेजारी सासूबाई असतील. हसलात, म्हणजे डब्या आहेत.

मूळ विषयाकडं येते, पण त्याआधी एक गोष्ट बोलायचीच आहे, कारण ती मला फार वर्षं सलते आहे. आपल्याकडं दवाखान्यात बाईला तंबाखूचं कुणी विचारत नाही.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली एक बाई माझ्याकडं दवाखान्यात आली होती. वय पंचेचाळिशीच्या आतलं. लहानपणापासून विड्या वळणारी. मोरीत पाय घसरला, हातावर पडली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं कसं? पाळी गेली की हाडं ठिसूळ होतात, म्हणून मी पाळीची चौकशी केली, तर पाळी जाऊन बराच काळ लोटला होता. आधीच्या एका मोठ्या दवाखान्याची फाइल तिच्याजवळ होती. व्यवस्थित, टाइप केलेली. तीत लिहिलेलं, ‘तंबाखूचं व्यसन : नाही.’ मी विचारलं, “अक्का, मिश्री लावता का?” त्या म्हणाल्या, “ती होय, लावते की. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, दुपारी, झोपताना. त्याशिवाय सुचतच नाही.” मग तिथं सांगितलं का नाही? तर त्या म्हणाल्या, “मला कुठं विचारलं? ह्यांना विचारलं की.”

नवऱ्याला विचारलं! हात मोडला बाईचा. डॉक्टरांनी खुर्ची दिली नवऱ्याला, त्याच्या खिशातली विडी बघून दहा मिनिटं त्याला झाडलं, आणि त्या तोंडात मिश्री धरून बाकावर बसून राहिल्या. बाईच्या रकान्यात ‘नाही’ लिहिणारा हात काही दुष्ट नव्हता. त्याला वाटलं, बाईमाणूस, काय विचारायचं? हा जो सभ्यपणा आहे ना, त्यानं आपल्या बायकांचं फार नुकसान केलंय. मुलीला विचारत नाहीत, गरोदर सुनेला विचारत नाहीत, आणि पाळी जायला आलेल्या बाईला तर मुळीच नाही. तिच्या बाबतीत सगळं ‘वयानं होतं’.

आणि हे कुठल्या गावात? ज्या गावात घराघरात सूप मांडीवर घेऊन बायका हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी करतात त्या गावात. सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर, आदिवासींसाठी लढलेल्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची 10 हजार घरं उभी राहिली, ती या बायकांनी मोर्चे काढून, उन्हात बसून मिळवली. एवढी हिंमत असलेल्या बाईला आपण तंबाखूचा एक साधा प्रश्न विचारू शकत नाही? ती दिवसभर तंबाखूत हात घालते. तिच्या कातडीतून आणि श्वासातून निकोटिन शरीरात जातं. विडी कामगारांच्या लघवीत त्याचा अंश सापडल्याचे अभ्यास आपल्याच देशात झालेत. तिनं आयुष्यात विडी ओठाला लावली नसेल, तरीही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. मग भराभर सांगते.

बाईच्या अंडाशयात बीजं जन्माआधीच भरलेली असतात. पुढं भर पडत नाही, नुसता खर्च. ज्या खात्यात पैसे टाकायची सोयच नाही असं ते पासबुक समजा. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं ही बीजं थेट मारतात. शिवाय धुरामुळं यकृत इस्ट्रोजेनचा निचरा लवकर करतं. परिणाम असा की ओढणाऱ्या बाईची पाळी साधारण एक ते दोन वर्षं आधी जाते. आपल्याकडं पाळी जायचं सरासरी वयच 46-47, पाश्चात्त्य देशांत 51. म्हणजे आपल्या हातात मुळात वर्षं कमी, त्यातली आणखी जातात.

स्वतः न ओढणाऱ्यांनी सुटलो म्हणू नये. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, आयुष्यभर दुसऱ्यांचा धूर सर्वांत जास्त घेतलेल्या बायकांची पाळी वर्षभराहून थोडी आधी गेलेली दिसली. घरात नवरा, सासरा, दीर ओढतात, खोली एक, खिडकी एक. हिशेब तुम्हीच करा.

अंगातून वाफा निघणं, रात्री घामानं उशी भिजणं, हे ओढणाऱ्या बायकांत जास्त होतं. सोलापुरात पारा 42-43वर जातो, म्हणून आपल्या बायका सगळ्या वाफा उन्हाळ्याच्या नावावर टाकतात. जानेवारीत, पहाटे पंख्याखाली वाफा आल्या तर तो उन्हाळा नव्हे, दाखवायला या.

हाडांचं : पाळी जाईपर्यंत ओढणारी आणि न ओढणारी यांच्या हाडांत फारसा फरक नसतो. नंतर तो वाढत जातो. 1997च्या एका ब्रिटिश विश्लेषणात ओढणाऱ्या बाईला खुबा मोडण्याचा धोका साठीत 17 टक्क्यांनी, सत्तरीत 41 टक्क्यांनी आणि ऐंशीत 71 टक्क्यांनी जास्त निघाला. खुबा मोडलेली म्हातारी अंथरुणाला खिळली की घर कसं हलतं, तुम्हाला मी सांगायला नको.

हृदय : इस्ट्रोजेन असेपर्यंत रक्तवाहिन्यांना थोडं संरक्षण असतं. ते गेलं आणि तंबाखू राहिली, तर दोन्ही बाजूंनी मार. पाळीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर तंबाखूचं डॉक्टरांना आधी सांगा, कारण ओढणाऱ्या बाईला त्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

मिश्रीवाल्यांनो, हे आकडे धुराचे आहेत. पण तवा तापवून भाजलेली तंबाखू हिरडीवर धरली की निकोटिन रक्तात जातंच, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. ‘दात दुखतो म्हणून लावते’ म्हणणाऱ्यांनी दंतवैद्याला दात दाखवा.

सोडल्याचा फायदा पन्नाशीतही होतो. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. मदतीचा सरकारी फोन 1800-11-2356, पैसे पडत नाहीत. मिश्री सोडायलाही तोच नंबर. आणि इथं ज्या आशाताई, नर्स, डॉक्टर बसल्यात त्यांना विनंती : उद्यापासून केसपेपर बाईच्या समोर भरा, मिश्रीचं तिचं तिलाच विचारा, नवऱ्याला बाहेर बसवून. प्रश्नांना आता वेळ नाही, पण मी खाली दाराशी थांबते आहे, शेवटची बाई जाईपर्यंत.