सिंगेलच्या पुलावरची बाई

ही बाई बघा, सरळ आपल्या अंगावरच येतीये. अजून एक पाऊल टाकलं की फ्रेमच्या बाहेर. पाय तर दिसतच नाहीत, खालून कापलीच गेलीये ती. आज कुणी मोबाइलवर असा फोटो काढला तर आपण म्हणू, अरे नीट काढ की जरा!

पण हे तैलचित्र आहे. गाव अ‍ॅमस्टरडॅम, साल १८९८, चित्रकार गेओर्ग हेंड्रिक ब्राइटनर. बाई उभीये तो पूल सिंगेल कालव्यावरचा, पालाइसस्ट्राट या रस्त्याजवळचा. मूळचा रॉटरडॅमचा हा माणूस १८८२ मध्ये हेगला होता तेव्हा व्हिन्सेंट व्हॅन गॉगबरोबर गरीब वस्त्यांतून स्केचेस करत हिंडायचा, व्हॅन गॉगला तेव्हा कुणी विचारतही नव्हतं बरं का. त्याच वर्षी ब्राइटनरनं आपल्याला पैसे पुरवणाऱ्याला पत्रात सांगून टाकलं, मी सामान्य लोकांचा चित्रकार होणार. १८८६ ला तो अ‍ॅमस्टरडॅमला आला आणि मग काय, घोड्यांच्या ट्रामा, ओले रस्ते, बांधकामावरचे मजूर, हेच त्याचे विषय. हातात कॅमेराही असायचा, त्यामुळे ते कापलेलं, घाईतलं फ्रेमिंग कुठून आलं हे वेगळं सांगायला नको.

आता खरी गंमत. या बाईच्या जागी आधी एक मोलकरीण होती! साधी, कामाला निघालेली. पण ते काही लोकांच्या पचनी पडलं नाही, चित्र विकणाऱ्यानं सुचवलं की बाबा बदल हिला, आणि ब्राइटनरनं बदललं. मोलकरणीची झाली बड्या घरची बाई, अंगावर फर, डोक्यावर हॅट, तोंडावर जाळी. सामान्य लोकांचा चित्रकार म्हणवणाऱ्या माणसानं हे करावं? मला तरी त्याचा राग येत नाही, चित्रं विकूनच तर पोट भरायचं होतं. पण त्याचं गाजलेलं चित्र म्हणून जे आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये लोक बघतात, त्यात नेमकी ती मोलकरीणच नाहीये, हे जरा खटकतंच.

तिच्यासारख्या बघायच्या असतील तर त्याचे फोटो बघा. रस्त्यानं चाललेल्या मोलकरणी, पांढरे एप्रन, कुणी पोज देत नाहीये, काही फोटो हललेले. ते त्याला कुणाला विकायचे नव्हते ना, म्हणून कुणी बदलायलाही सांगितलं नाही.