ट्युनाची पिल्लं मोजायची कशी?

नागपुरात ट्युनावर व्याख्यान म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, काहून बाप्पा, आपली धाव रोहू-कटलापर्यंत! पण मोजणीचा विषय आपल्याला नवा नाही, ताडोबात वाघ मोजतातच की.

आज बोलायचंय सदर्न ब्लूफिन ट्युनाबद्दल. हा मासा जावाच्या दक्षिणेला अंडी घालतो, पिल्लं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली सरकतात आणि साधारण वर्षाची झाली की नैऋत्य कोपऱ्यात दिसतात. मासा चाळीस वर्षं जगू शकतो, वयात यायलाच आठेक वर्षं लागतात, आणि लाँगलाईनच्या, म्हणजे लांबलचक दोरीला भरपूर गळ लावून मासे धरणाऱ्या, बोटींना मिळतात ते जरा मोठे मासे, म्हणजे एखाद्या वर्षी पिल्लंच कमी आली तर ते पकडीच्या आकड्यात कळेपर्यंत काही वर्षं निघून गेलेली असतात. म्हणून १९९०च्या दशकात जपान आणि ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी पिल्लांसाठीच सोनार सर्व्हे सुरू केला. सोनार म्हणजे दागिने घडवणारा नव्हे, पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधणारं यंत्र.

आवाज समुद्राच्या पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, आदळून परत येतो, त्या वेळेवरून अंतर निघतं. पण साधा एको-साउंडर फक्त बोटीच्या खाली बघतो आणि ही पिल्लं असतात वरच्या पाण्यात, बोट आली की बाजूला पळतात. म्हणून आडवं, चहूबाजूंनी बघणारं सोनार लागतं. स्क्रीनवर मधोमध आपली बोट आणि कडेला एक लाल ठिपका, तो ट्युनाचा थवा की दुसऱ्याच माशाचा की लाटेतले बुडबुडे, हे ठिपका सांगत नाही. आवाज जोरात परततो तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, आणि स्किपजॅक नावाच्या ट्युनाला ती पिशवीच नसते! मग मागे गळ ओढत न्यायचा, एखादा मासा लागला तर खात्री.

आणि ठिपका दिसलाच नाही तर? माझ्या मते खरी पंचाईत इथंच आहे. पिल्लं जन्मलीच नाहीत, की पाण्याचं तापमान बदललं म्हणून दुसरीकडे गेली, सोनारला दोन्ही सारखंच. त्यामुळे इथं 'इतके मासे' असं कोणी छातीठोक सांगत नव्हतं, दरवर्षी त्याच रेषांवरून बोट न्यायची आणि यंदा गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त एवढंच बघायचं, पण धोक्याची घंटा लवकर वाजवायला तेवढंही पुरतं.

ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइटवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या मोठ्या उपसागरावर, विमानातूनही थवे मोजले, ढग नि वारा आडवा आला की तेही बोंबललं. २०१६ पासून जीन-टॅगिंग आलं: दोन वर्षांच्या माशाचा छोटा तुकडा घ्यायचा, सोडून द्यायचं, पुढच्या वर्षी पकडलेल्या तीन वर्षांच्या माशांत तोच डीएनए किती वेळा सापडतो ते बघायचं, वाघाचे पट्टे ओळखतो ना तसंच. हे मला जास्त पटतं, फक्त हजारो मासे हातात घ्यावे लागतात आणि उत्तराला वर्षाहून जास्त थांबावं लागतं.