८० टक्के आनुवंशिकता म्हणजे ८० टक्के धोका नव्हे

नमस्कार. बायपोलर आजारावरचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो आहे: "मला बायपोलर आहे आणि माझे मूल सारखे घाबरते, माझाच आजार त्याच्यात उतरला का?" बायपोलरमध्ये उन्माद (टोकाच्या उत्साहाचा काळ) आणि नैराश्य यांच्या पाळ्या येतात, हे आपण मागे पाहिले असल्याने आज थेट या प्रश्नाकडे वळतो.

गोंधळाचे मूळ एका आकड्यात आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून बायपोलरची आनुवंशिकता साधारण ६० ते ८० टक्के निघते. धरमपेठेतून आलेल्या एका आईने मुलाच्या वहीचे पान माझ्यासमोर ठेवले होते. त्यावर ८० लिहून भोवती दोनदा गोल केला होता. "डॉक्टर, म्हणजे आशा वीसच टक्के ना?" असे त्यांनी विचारले, तेव्हा त्या पानाकडे पाहणे मला जड गेले, कारण तो आकडा त्यांच्या मुलाचा नव्हताच. आईवडिलांपैकी एकाला बायपोलर असेल, तर १०० मुलांपैकी साधारण ५ ते १० जणांना तो होतो. एरवी लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे १ असते. धोका वाढतो, हे मी लपवणार नाही, पण बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही.

मग ८० टक्के कशाचे? काटोलकडच्या संत्र्याच्या बागा आठवा. एकाच झाडावरून बांधलेली कलमे वेगवेगळ्या शेतांत लावली, तर झाडाझाडांतला फरक माती-पाण्याचा असतो. सगळ्यांना माती-पाणी सारखे दिले आणि कलमे मात्र निरनिराळ्या झाडांची असली, तर फरक मुख्यतः कलमांचा असतो. आनुवंशिकता म्हणजे या फरकातला कलमाचा वाटा. तुमच्या दारच्या एका झाडाला किती फळे येतील, हे त्यावरून कळत नाही.

एवढ्याने पटत नसेल, तर एकसारखी जुळी भावंडे पाहा. त्यांची जनुके जवळपास सारखीच असतात, तरी एकाला बायपोलर झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही.

"रक्तातच आहे तर उपचार कशाला?" असे एका प्रेक्षकाने लिहिले आहे. याचा मला मनापासून राग येतो, कारण अशा वाक्यामुळे मुलांचे उपचार वर्षानुवर्षे लांबतात. घरात चष्मा पिढ्यान्‌पिढ्या असला, तरी मुलाला चष्मा लावायचे आपण टाळत नाही.

आता चिंतेविषयी. बायपोलर असलेल्या पालकांच्या मुलांत चिंतेचे विकार इतर मुलांपेक्षा जवळपास दुपटीने आढळतात. "चिंतेचे जनुक" असे एकटे काही नसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात बायपोलरशी जोडलेली जनुकसंचातली ६४ ठिकाणे सापडली. प्रत्येकाचा प्रभाव अगदी लहान, आणि यांतला बराच जनुकीय वारसा नैराश्य व चिंता यांच्याशीही सामाईक आहे. म्हणजे मुलाकडे येतो तो तयार आजार नसून एक कल असतो, आणि त्यात घरातल्या दिवसांची भर पडते. माझ्याकडे येणारी अकरा वर्षांची एक मुलगी रोज रात्री वडिलांच्या लिथियमच्या, म्हणजे बायपोलरवरच्या औषधाच्या, गोळ्या मोजत असे आणि एक जरी जास्त उरली, तरी पहाटेपर्यंत जागी राहत असे. तिच्या भीतीत जनुकांचा वाटा किती आणि त्या पाकिटाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. वडिलांनी जेवणानंतर तिच्यासमोर गोळी घ्यायला सुरुवात केली, तशी तिची झोप मात्र सुधारली.

काही मुलांत चिंता हे पुढे येणाऱ्या मनोवस्थेच्या आजाराचे (नैराश्य किंवा बायपोलरचे) पहिले लक्षण असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष नको. चिंतेसाठी बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे संवादाचे उपचार) परिणामकारक आहेत. औषधाची वेळ आली, तर पालकाच्या आजाराची माहिती आधीच द्या, कारण चिंतेवर दिली जाणारी नैराश्यविरोधी औषधे अशा काही मुलांत उन्मादाची लक्षणे उफाळून आणू शकतात आणि ही माहिती असलेला डॉक्टर औषध जपून निवडतो. कुणाकडे जावे हे सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि मुलाला दाखवायला नेताना पालकाची जुनी फाइल पिशवीत घ्यायला विसरू नका.