डोळा मातीच्या वर

(दृश्य: सकाळ. नागपुरातल्या एका घराची सांदवाडी, म्हणजे परसबाग. गुडघ्याएवढं संत्र्याचं कलम.)

या रोपाच्या खोडाकडे जरा वाकून बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक वाकडी गाठ आहे. गाठीखाली जंबेरी, म्हणजे खुंटासाठी वापरतात ते लिंबाच्या जातीचं झाड; वर नागपुरी संत्रा. रोपवाटिकेत जंबेरीच्या कोवळ्या खोडाच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटीचा कोंब, बसवतात; तो इथे जुळला.

मी लावलेलं पहिलं कलम खोल गेलं होतं. वाऱ्यात हलू नये म्हणून मीच गाठीच्या वरपर्यंत माती ओढली होती. उन्हाळा त्यानं काढला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांतही, पानं हिरवी राहिली. गेलं ते ऑगस्टमध्ये. बुंध्यातून डिंक ओघळू लागला, साल कुजली, आणि ऐन पावसात पानं पिवळी पडली. मला ते पाहवत नव्हतं.

या रोगाला आपल्याकडे डिंक्या म्हणतात. आपली काळी माती पाणी सोडत नाही. पावसात ती फुगते, मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोफ्थोरा बुरशीचं फावतं. गाठ मातीत बुडाली की संत्र्याची साल थेट त्या ओलीला लागते.

(दृश्य: खड्डा भरणारे हात.)

म्हणून या खेपेला मे महिन्यातच दोन-अडीच फुटांचा खड्डा खणून उन्हात तापू दिला. बागेत दोन संत्र्यांमध्ये ६ मीटर अंतर ठेवतात. म्हणून भिंतीपासून त्याच्या निम्मं, निदान दहा फूट सोडले. दुपारनंतर तापलेली भिंत रोपाला भाजून काढते. जूनअखेर पाऊस बसल्यावर शेणखत आणि माती भरली, वर उंचवटा केला, मुळांचा गोळा न फोडता पिशवी कापली आणि गाठ मातीच्या चांगली वर ठेवली.

(दृश्य: बुंध्याभोवतीची दोन आळी.)

पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. आतलं आळं बुंध्याला कोरडं ठेवतं. पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डोमलम लावतो: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

उन्हाळ्यात पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा आणि आळ्यात पालापाचोळा. माती भेगाळली की कोवळी मुळं तुटतात, म्हणून वरचा थर हलकासा खुरपायचा. आणि एक कळकळीची विनंती: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी रोपांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच साचतात, आणि संत्रा-लिंबाला क्षार सोसत नाहीत.

(दृश्य: पानावरची अळी.)

पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसतंय? ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे. लहान रोपाची पालवी ती दोन दिवसांत संपवते. मी हातानं वेचते. गाठीखालून फुटलेली जंबेरीची फूटही लगेच खुडते, नाहीतर वर्षभरात संत्रा मागे पडतो आणि जंबेरीच वाढते.

फळ चौथ्या-पाचव्या वर्षी. त्याआधी आलेली फुलं काढून टाकावी लागतात. हात धजावत नाही, तरी काढते.

(दृश्य: पावसानंतरचं अंगण.)

काल रात्री धो-धो कोसळला. बाहेरचं आळं तुडुंब भरलंय. मी आतल्या मातीवर, गाठीखाली, बोट टेकवून बघते.

ओल आहे, पण पाणी साचलेलं नाही.