राधाकृष्णन यांना विचारलेले प्रश्न

(शिक्षक दिनानिमित्त दादर येथे शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

पाच सप्टेंबरला आपल्या शाळांमध्ये पांढऱ्या फेट्यातला तो फोटो पुसून टेबलावर ठेवला जातो, हार घातला जातो आणि मुलं पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवतात. जन्म तिरुत्तणीचा, १८८८ सालचा; भारतरत्न १९५४; राष्ट्रपती १९६२ ते १९६७. मुलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ती बिचारी आपण देतो तेच पाठ करतात. पण हा माणूस मोठा कशामुळे झाला, ते त्या भाषणात येत नाही. सर्वपल्ली राधाकृष्णन यांना आयुष्यात काही बोचरे प्रश्न विचारले गेले. त्यांना ते कसे सामोरे गेले, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

वडील जमीनदाराकडे महसुलाच्या कामावर होते. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण शिष्यवृत्त्यांवर झालं आणि तेही बहुतेक मिशनऱ्यांच्या संस्थांत. आधी तिरुपती, मग वेल्लोर, शेवटी मद्रास ख्रिश्चन कॉलेज. तत्त्वज्ञान हा विषय तरी त्यांनी का घेतला? एका नातेवाइकानं आपली वापरून झालेली पुस्तकं दिली, ती तत्त्वज्ञानाची होती. नवी पुस्तकं घ्यायला पैसे नव्हते, एवढंच.

त्या वर्गात त्यांना पहिला प्रश्न भेटला. मिशनरी प्राध्यापकांचा आक्षेप असा होता: तुमचा वेदान्त जगाला माया म्हणतो. जगच खोटं असेल, तर त्यात चांगलं वागायचं कशासाठी? म्हणजे तुमच्या धर्मात नीतीला जागाच नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं हे रोज ऐकायचं. विवेकानंद वाचून मनात अभिमान जागा झाला होता, तो दुखावला गेला. अशा वेळी माणूस खजील तरी होतो, नाहीतर चिडतो तरी. या मुलानं मूळ ग्रंथ उघडले. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती टीकाकारांच्या आव्हानामुळे आपण हिंदू विचाराकडे वळलो, त्यात जिवंत काय आहे आणि मेलेलं काय आहे हे शोधायला. १९०८ साली, विशीतच, त्यांनी एम.ए.साठी प्रबंध लिहिला, विषय वेदान्तातलं नीतिशास्त्र. प्राध्यापक ए. जी. हॉग रागावतील अशी धास्ती होती. हॉग यांनी मोकळ्या मनानं त्या प्रबंधाची वाखाणणी केली.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण समोर सगळे शिक्षक बसलेले आहेत. हॉग मिशनरी होते. आपल्याच मंडळींच्या मताला खोडून काढणारं लेखन त्यांच्या हातात आलं आणि त्यांनी त्यातला अभ्यास पाहिला. पाच सप्टेंबरला एखादं फूल हॉग यांच्याही नावानं ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढची वर्षं तुम्हाला माहीत आहेत. १९०९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी, १९१८ मध्ये म्हैसूर, १९२१ मध्ये कलकत्ता. म्हैसूर सोडताना विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेली बग्गी स्वतः ओढत त्यांना स्टेशनवर नेलं. १९२३ आणि १९२७ मध्ये ‘इंडियन फिलॉसॉफी’चे दोन खंड आले. याच ग्रंथावरून एक वाद झाला, तोही सांगायला हवा. राधाकृष्णन यांनी आपलं लेखन उचलल्याचा आरोप जदुनाथ सिन्हा या तरुण अभ्यासकानं १९२९ मध्ये केला, प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात गेलं आणि १९३३ मध्ये आपसात मिटलं. थोरांच्या चरित्रातून अशी पानं गाळली की मुलांना माणूस दिसतच नाही.

१९२६ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात व्याख्यानं दिली. त्यांचंच पुस्तक झालं ‘द हिंदू व्ह्यू ऑफ लाइफ’. १९३६ मध्ये तिथल्याच विद्यापीठात पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राचं प्राध्यापकपद त्यांना मिळालं. मिशनऱ्यांच्या वर्गात मान खाली घालावी लागलेला मुलगा आता साहेबाच्या देशात जाऊन वेदान्त शिकवू लागला. इथे गोष्ट संपवली असती तर फार सोपं झालं असतं.

पण त्याच १९३६ साली आपल्या मुंबईतून एक पुस्तक निघालं. इथून थोड्या अंतरावर, हिंदू कॉलनीत, ‘राजगृह’ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं, मंडळाला ते झेपलं नाही, परिषदच रद्द झाली. तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. ते ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यात त्यांनी ‘हिंदू व्ह्यू ऑफ लाइफ’चं नाव घेऊन समाचार घेतलाय. राधाकृष्णन यांचं म्हणणं असं की ही संस्कृती हजारो वर्षं टिकली, एवढी उलथापालथ पचवून उभी राहिली, तिच्यात काहीतरी सत्त्व असणारच. बाबासाहेब विचारतात: टिकलात, पण कसे टिकलात? लढून मानानं जगणं हेही टिकणं आणि शरण जाऊन कैद्यासारखं जगणं हेही टिकणंच. समाज जगतो की मरतो हा प्रश्न नाही, तो कोणत्या पातळीवर जगतो हा प्रश्न आहे.

मिशनऱ्यांचा प्रश्न बाहेरून आलेला होता, त्याला ग्रंथांतून उत्तर देता आलं. हा प्रश्न घरातून आला होता आणि ज्या ग्रंथांतून उत्तर द्यायचं, त्यांच्याच अधिकाराला हात घालणारा होता. राधाकृष्णन यांनी ऑक्सफर्डच्या त्या व्याख्यानांत जातीची मांडणी वेगवेगळ्या वंशांना एकत्र नांदवणारी तडजोड अशी केली होती. मला ती आजही पटत नाही. जो त्या तडजोडीच्या तळाशी होता, त्याला कुणी विचारलं होतं?

१९४७ पर्यंत त्यांच्या बोलण्यात फरक पडलेला दिसतो. चौदा ऑगस्टच्या मध्यरात्री घटना समितीत नेहरू बोलले, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच रात्री राधाकृष्णनही बोलले, ते भाषण मात्र फारसं कुणी वाचत नाही. जरूर वाचा. पारतंत्र्याचा सगळा दोष त्यांनी इंग्रजांवर ढकलला नाही. फुटीरपणाला आपण आयते बळी पडलो, म्हणाले. आपली घरातली हुकूमशाही, असहिष्णुता, अंधश्रद्धा आता सुधारायला नको का, असं विचारलं. वरच्या जागांवरचा भ्रष्टाचार, वशिलेबाजी, काळाबाजार यांची नावं घेतली आणि बजावलं की सत्ता कुवतीपेक्षा मोठी झाली तर वाईट दिवस येतील. आनंदाच्या रात्री सभागृहाला असं सुनवायला शिक्षकाचीच सवय लागते.

१९४९ मध्ये ते राजदूत म्हणून मॉस्कोला गेले. १९५० च्या जानेवारीत स्टालिनची भेट झाली, तेव्हा त्यांनी त्याला अशोकाची गोष्ट सांगितली: आमच्याकडे एक सम्राट होऊन गेला, विजय मिळवल्यावर त्यानं युद्धच सोडलं. समोर कोण बसलंय हे ठाऊक असून सांगितली, हे लक्षात घ्या. मग दहा वर्षं उपराष्ट्रपती, म्हणजे राज्यसभेचे सभापती, आणि पुढे राष्ट्रपती. १९६२ च्या चीन युद्धानंतर सरकार भोळसट आणि बेसावध राहिलं हे त्यांनी उघड म्हटलं. कारकिर्दीच्या अखेरीस प्रजासत्ताक दिनाच्या संदेशात साधनसंपत्तीच्या गैरव्यवस्थेबद्दल आपल्याच सरकारला खडे बोल सुनावले. राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का असं आपण सहज म्हणून टाकतो. हा शिक्का बोलत होता.

२ एप्रिल १९६७ रोजी, पद सोडायला दीडेक महिना उरला असताना, संसदेच्या आवारातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. या प्रसंगात वाद मिटल्याची खूण शोधू नये, असं मला वाटतं. पुतळ्याचं अनावरण हे काही प्रश्नाचं उत्तर होत नाही. ‘हिंदू व्ह्यू’ लिहिणाऱ्याच्या हातून ते घडलं, हे लोकशाहीचं देणं आहे एवढं मात्र खरं. त्या मेमध्ये ते मद्रासला परतले आणि १७ एप्रिल १९७५ रोजी तिथेच वारले.

सुरुवात कुठून करू, असं तरुण शिक्षक विचारतात. दोन खंडांना लगेच हात घालू नका. ‘हिंदू व्ह्यू ऑफ लाइफ’ छोटं आहे, ते आधी वाचा आणि लगेच, त्याच आठवड्यात, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ वाचा. मग दहावीच्या वर्गात दोघांचं म्हणणं मुलांपुढे मांडा, दोन्ही बाजूंनी बोलायला लावा. एखादा मुलगा तुमच्या मताच्या उलट बोलला आणि त्यानं पुस्तकाचं पान काढून दाखवलं, तर हॉग यांनी केलं तेच करा.