उत्तर कोरियाचा पैसा कुठे अडतो

मार्च २०१८. उत्तर कोरियाचं नांपो बंदर. उपग्रहाने टिपलेल्या एका छायाचित्रात धक्क्याला लागलेलं लांबलचक जहाज दिसतंय, ते 'वाइज ऑनेस्ट'. त्यात कोळसा भरला जातोय, सुमारे २५ हजार टन. हा कोळसा विकत घ्यायला जगातल्या प्रत्येक देशाला ऑगस्ट २०१७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बंदी आहे. जहाजाने आपला ठावठिकाणा कळवणारं एआयएस यंत्र ऑगस्ट २०१७ पासूनच बंद ठेवलंय.

एप्रिलमध्ये इंडोनेशियाने ते अडवलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने जप्त केलं. उत्तर कोरियाचं जहाज, इंडोनेशियाचं पाणी. मग अमेरिकेचा हक्क आला कुठून? या खेपेपोटी साडेसात लाख डॉलरहून अधिक रक्कम एका अमेरिकी बँकेतल्या खात्यांतून फिरली होती. आशियातल्या दोन बँकांनी आपसात डॉलरचा व्यवहार केला, तरी हिशोब बहुधा अमेरिकेतल्या मध्यस्थ बँकेमार्फतच पुरा होतो. निर्बंधांची खरी पकड इथे आहे.

ती किती घट्ट बसते, हे २००५ मध्ये चीनच्या मकाव शहरात दिसलं. अमेरिकेच्या अर्थ खात्याने बँको डेल्टा एशिया या छोट्या बँकेवर ठपका ठेवला आणि उत्तर कोरियाशी जोडलेले अडीच कोटी डॉलर गोठले. रक्कम तशी किरकोळ. पण धसका घेऊन इतर बँकांनीही उत्तर कोरियाची खाती बंद केली. २००७ मध्ये अमेरिकेने पैसे परत द्यायचं कबूल केलं, तेव्हा ते पोहोचते करायला बँक मिळेना. शेवटी न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह आणि रशिया, असा रस्ता काढावा लागला.

उत्तर कोरियाच्या पहिल्या अणुचाचणीनंतर, १४ ऑक्टोबर २००६ रोजी, सुरक्षा परिषदेचा निर्बंध लादणारा १७१८ क्रमांकाचा ठराव आला. त्यानंतर ठरावांची रांग लागली: कोळसा, लोखंड, मासळी, कापड, शेवटी परदेशात राबणारे मजूर. एकेक दरवाजा बंद होत गेला, तसा पैसा मिळवण्याचा मार्ग संगणकाकडे वळला.

फेब्रुवारी २०१६. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला पैसे पाठवण्याचे ३५ आदेश धाडले. एकूण मागणी ९५ कोटी डॉलरची. वेळ नेमकी साधलेली होती: ढाक्यात शुक्रवारची सुट्टी, मग न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार, सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्ष. तरी बरेचसे आदेश अडले. मनिलातली बँकेची शाखा ज्युपिटर रस्त्यावर होती आणि 'ज्युपिटर' हा शब्द निर्बंधांच्या यादीतल्या एका भलत्याच नावाशी जुळला. श्रीलंकेला गेलेले दोन कोटी 'फाउंडेशन' शब्दाच्या चुकीच्या स्पेलिंगमुळे परत आले. ८ कोटी १० लाख डॉलर मात्र मनिलात पोहोचले आणि त्यातला मोठा भाग कॅसिनोंमध्ये शिरला. कॅसिनोंना त्या वेळी तिथला काळ्या पैशाविरुद्धचा कायदा लागू नव्हता.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जायच्या आधीच चोरांनी वळवली. 'पैसे द्या' हे उत्तर तेच देत होते. खात्यात शिल्लक आहे का, हे तपासलंच जात नव्हतं. २८ देशांतल्या यंत्रांतून नोटा निघाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात ही चोरी उत्तर कोरियाच्या खाती मांडली.

मग क्रिप्टो. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर हे क्रिप्टो चलन गेलं. पैसे हलवायला अनेकांच्या सह्या लागत होत्या आणि त्या झाल्याही. पण सह्यांची सोय पुरवणाऱ्या कंपनीतल्या एका डेव्हलपरच्या संगणकात चोर आधीच शिरले होते. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसला; प्रत्यक्षात सही झाली ती क्रिप्टोच्या पाकिटाचा (वॉलेटचा) ताबा देणाऱ्या आदेशावर. सहीच्या छोट्या उपकरणावर उमटणारा तपशील वेगळ्या, स्वतंत्र संगणकावर ताडून पाहणं, हाच यावरचा इलाज. घाईत नेमकं तेच राहून जातं.

चोरलेलं इथर ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या खुल्या नोंदवहीत, सगळ्यांना दिसतं, पण कुणालाच गोठवता येत नाही. ते हजारो पत्त्यांवर विखुरतं, बिटकॉइन होतं. क्षेपणास्त्राचे सुटे भाग विकणाऱ्याला अखेर चलन लागतं, म्हणून कुठेतरी ते दलालाच्या हाती यावंच लागतं. तपास करणारे त्या क्षणाची वाट पाहतात. दलालाने डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं घेतलं, तर ते जारी करणारी कंपनी ते गोठवू शकते. त्यासाठी मागणी मात्र काही तासांत पोहोचायला हवी.

दुसरी आवक पगाराची. उत्तर कोरियाचे प्रोग्रामर उसन्या ओळखीवर परदेशी कंपन्यांत घरून काम करतात. कंपनीने पाठवलेला लॅपटॉप अमेरिकेतल्याच एखाद्या घरात चालू राहतो, बोटं चालतात दुसऱ्या देशातून. ॲरिझोनातल्या एका घरातून असे ९० हून अधिक लॅपटॉप सापडले. ३०९ अमेरिकी कंपन्या फसल्या होत्या. लॅपटॉप पाठवण्याचा पत्ता ऐनवेळी बदलायला सांगणं, ही अशा उमेदवाराची ठळक खूण.

हा पैसा काय विकत घेतो? १५ एप्रिल २०१२ च्या संचलनात क्षेपणास्त्रं ज्या अवजड गाड्यांवर होती, त्या चीनमधून 'लाकूड वाहतुकीसाठी' म्हणून आल्या होत्या. गाड्या सहा होत्या. कागदपत्रांवर उत्तर कोरियाच्या वन खात्याचं नाव होतं.

अशा गोष्टी उजेडात आणणारं आठ जणांचं तज्ज्ञ मंडळ रशियाच्या नकाराधिकारामुळे ३० एप्रिल २०२४ रोजी संपलं. शेवटच्या अहवालात त्यांनी २०१७ ते २०२३ मधल्या ५८ संशयित सायबर हल्ल्यांची नोंद केली होती. त्यांतली लूट सुमारे तीन अब्ज डॉलर. आता ११ देशांनी वेगळं पथक उभारलंय, पण त्याच्या अहवालामागे सुरक्षा परिषदेचा अधिकार नाही.

ठराव अजून लागू आहेत. शुद्ध केलेल्या तेलाची मर्यादा आजही वर्षाला पाच लाख पिंपंच आहे. मोजणी होते ती तेल देणारे देश स्वतःहून जे आकडे कळवतात त्यांवर. पूर्व चीन समुद्रात रात्री एका टँकरमधून दुसऱ्यात उतरवलेलं तेल या मोजणीत धरा, असं पुराव्यानिशी सांगणारे ते आठ जण आता तिथे नाहीत.